विश्लेषण : एव्हरेस्टवर सर्वांत अवघड काय? शिखर समोर दिसत असताना मागे फिरणं!

मे महिना आला की आमच्या डिजिटल डेस्कवर एक बातमी हमखास येते : ‘अमुक तालुक्याच्या सुपुत्रानं एव्हरेस्ट सर केलं.’ सोबत फोटो. हातात तिरंगा, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, मागे निळंशार आकाश. पाच मिनिटांत तुमच्या मोबाइलवर नोटिफिकेशन येतं, तासाभरात गावात फ्लेक्स लागतो.

अशी नोटिफिकेशन्स मीही लिहिली आहेत. पण ‘शिखर शंभर मीटरवर असताना गिर्यारोहक मागे फिरला, सुखरूप उतरला’ असं नोटिफिकेशन मी आजवर एकदाही लिहिलेलं नाही. असं कुणी फिरलं नाही म्हणून नव्हे. दर हंगामात असे अनेक जण फिरतात. त्यांची बातमी होत नाही, एवढंच.

ही चूक आमची आहे आणि ती किरकोळ नाही, असं मला वाटतं. आठ हजार मीटरच्या वर माणसाचा जीव वाचवणारा सर्वांत मोठा निर्णय मागे फिरण्याचाच असतो आणि त्याच निर्णयाला आपल्याकडे ‘अपयश’ म्हणतात. असं का घडतं, हे समजून घ्यायचं तर आधी थोडं विज्ञान आणि थोडं गणित पाहावं लागेल.

आठ हजार मीटरवर शरीराचं नेमकं काय होतं?

‘वर ऑक्सिजन कमी असतो’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. ते अर्धवट आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईच्या चौपाटीवर २१ टक्के असतं आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब.

समुद्रसपाटीला हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ मध्ये तो प्रत्यक्ष मोजला गेला, तेव्हा २५३ भरला. म्हणजे एक तृतीयांश. त्यातही एक मेख आहे. श्वासाबरोबर आत घेतलेली हवा शरीरात ओलसर होते आणि त्या बाष्पाचा दाब ४७ असतो. तो सगळीकडे सारखाच. म्हणून माथ्यावर उरतात २०६. त्याचे २१ टक्के म्हणजे साधारण ४३. हाच हिशेब समुद्रसपाटीला केला तर उत्तर येतं साधारण १५०. थोडक्यात, माथ्यावरच्या प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचा रेटा एक तृतीयांशापेक्षाही कमी असतो.

शरीर याच्याशी काही प्रमाणात जुळवून घेतं. म्हणून गिर्यारोहक ५,३०० मीटरवरच्या बेस कॅम्पवर आठवडेच्या आठवडे काढतात, वर-खाली फेऱ्या मारतात, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढू देतात. पण आठ हजार मीटरच्या वर जुळवून घेणं उरत नाही. तिथं शरीर फक्त झिजतं. भूक मरते, अन्न पचत नाही, झोप लागत नाही. फुप्फुसांत पाणी भरू शकतं, मेंदूला सूज येऊ शकते. या पट्ट्याला ‘डेथ झोन’ म्हणतात ते उगीच नाही.

सर्वांत आधी काय बिघडतं? निर्णय घेण्याची ताकद. पाय चालत असतात आणि डोकं हळूहळू बंद पडत असतं. मागे फिरायचं की नाही, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न समोर येतो तोही नेमका याच अवस्थेत.

शेवटच्या टप्प्याचं गणित काय असतं?

नेपाळच्या बाजूनं चढताना शेवटचा मुक्काम ‘साउथ कोल’वर असतो. उंची सुमारे ७,९०० मीटर. माथा ८,८४८.८६ मीटरवर. मधे राहिले साधारण साडेनऊशे मीटर. म्हणजे ढोबळमानानं सिंहगड दीड वेळा चढण्याइतकं अंतर. सराव असलेला पुणेकर पायथ्यापासून सिंहगड तासाभरात गाठतो. इथं मात्र रात्री निघालेला माणूस आठ ते बारा तासांनी माथ्यावर पोहोचतो आणि उतरायला आणखी चार ते सहा तास लागतात.

आता ऑक्सिजनचा हिशेब मांडू. चार लिटर आकारमानाच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबानं वायू भरला, तर तो वापरताना साधारण १,२०० लिटर मिळतो. मिनिटाला दोन लिटरनं सोडला तर दहा तास. चार लिटरनं सोडला तर पाच तास. चढताना दम लागतो म्हणून रेग्युलेटर वाढवला की उतरताना लागणारा ऑक्सिजन तुम्ही वर जातानाच खर्च करत असता.

त्यात रांग लागली तर? दोन तास एका जागी उभं राहिलं तरी मिनिटाला दोन लिटरनं २४० लिटर गेले. एक पाऊलही पुढे न टाकता सिलिंडरचा पाचवा हिस्सा संपला. हा हिशेब कुणालाही जमेल. अवघड आहे ते एवढंच, की ८,७०० मीटरवर, उणे तापमानात, अर्धवट चालणाऱ्या डोक्यानं तो करायचा असतो. आणि उत्तर ‘नाही’ असं आलं तर ते पाळायचं असतं.

म्हणूनच ‘परतीची वेळ’ खाली असतानाच ठरवतात. दुपारी एक किंवा दोन. त्या वेळेला तुम्ही जिथं असाल तिथून मागे फिरायचं, माथा दहा पावलांवर असला तरी. हा नियम शरीरासाठी आहे, पण त्याहून जास्त तो वर गेल्यावर बिघडणाऱ्या डोक्यासाठी आहे. शुद्धीत असताना घेतलेला निर्णय तिथं फक्त अमलात आणायचा असतो.

वेळ पाळली नाही तर काय होतं?

१० मे १९९६ या दिवसाचं उदाहरण गिर्यारोहणाच्या जगात आजही दिलं जातं. दक्षिणेकडून दोन मोठ्या व्यावसायिक मोहिमा एकाच दिवशी माथ्याकडे निघाल्या होत्या. परतीची वेळ दुपारची, पण त्यानंतरही चढाई सुरू राहिली. न्यूझीलंडचे अनुभवी मार्गदर्शक रॉब हॉल आपल्या एका ग्राहकासह चारच्या सुमारास माथ्याजवळ होते. संध्याकाळी वादळ आलं. हॉल आणि तो ग्राहक, दोघंही परतले नाहीत.

या घटनेतला एक तपशील अस्वस्थ करणारा आहे. त्याच ग्राहकाला हॉल यांनी आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, माथ्याच्या जवळून वेळेवर मागे फिरवलं होतं. तो निर्णय बरोबर होता. पण तो माणूस पुढच्या वर्षी पुन्हा आला. या वेळी त्याला पुन्हा ‘नाही’ म्हणणं किती जड गेलं असेल, याची आपण फक्त कल्पना करू शकतो. माघारीचंही ओझं साठत जातं. ते उतरवणारं कुणी नसेल, तर पुढच्या खेपेला तेच पाय पुढे ढकलतं.

त्याच दिवशी उत्तरेकडून, तिबेटच्या बाजूनं, भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची तुकडी चढत होती. सहा जणांपैकी तिघे मागे फिरले, तिघे पुढे गेले. पुढे गेलेले तिघे परत आले नाहीत. दोन्ही बाजू मिळून त्या वादळात आठ जणांनी जीव गमावला.

याच हंगामात योरान क्रॉप नावाचा स्वीडनचा गिर्यारोहकही तिथं होता. हा पठ्ठ्या स्टॉकहोमहून सायकलनं नेपाळला आला होता, आणि त्याला कृत्रिम ऑक्सिजनशिवाय चढायचं होतं. मेच्या सुरुवातीला तो माथ्याच्या साधारण शंभर मीटर खाली पोहोचला. उशीर झालाय हे पाहून तो वळला. घरापासून हजारो किलोमीटर पेडल मारून आलेला माणूस शंभर मीटरवरून फिरला! त्यानंतर २३ मे रोजी तो पुन्हा चढला आणि माथ्यावर पोहोचला.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००८ साली एव्हरेस्टवरील मृत्यूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९२१ ते २००६ या काळातल्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. आठ हजार मीटरच्या वर गेल्यानंतर मरण पावलेल्यांत निम्म्याहून अधिक जण माथ्यावरून उतरताना दगावले होते. म्हणजे आपण ‘सर केलं’ म्हणून टाळ्या वाजवतो, तेव्हा प्रवासाचा अधिक धोक्याचा भाग बहुधा अजून बाकीच असतो.

मागे फिरणाऱ्यांनी मिळवलं तरी काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी भारताचाच एव्हरेस्टचा इतिहास पाहावा.

१९६० मध्ये ब्रिगेडियर ग्यान सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गेली. नवांग गोम्बू, सोनम ग्यात्सो आणि नरेंद्र कुमार हे तिघे माथ्यापासून सुमारे २०० मीटरवर पोहोचले. हवामान बिघडलं, तिघे फिरले. १९६२ मध्ये मेजर जॉन डायस यांची मोहीम गेली. या वेळी सोनम ग्यात्सो, मोहन सिंग कोहली आणि हरि डांग आणखी वर, माथ्यापासून सुमारे १३० मीटरवर पोहोचले. पुन्हा हवामानानं दगा दिला. पुन्हा माघार.

आजच्या भाषेत या दोन ‘फेल’ मोहिमा. पण १९६५ मध्ये काय झालं? कोहली मोहिमेचे नेते होते. २० मे रोजी गोम्बू माथ्यावर पोहोचले. २२ मे रोजी सोनम ग्यात्सो पोहोचले. एका मोहिमेतून एकूण नऊ जण माथ्यावर गेले आणि हा विक्रम पुढे १७ वर्षं टिकला. हे लोक १९६० आणि १९६२ मध्ये हट्टानं पुढे गेले असते, तर १९६५ ची मोहीम न्यायला आणि यशस्वी करायला ते राहिले असते का?

त्याही आधीचं उदाहरण १९५३ चं. २९ मे रोजी हिलरी आणि तेनझिंग माथ्यावर पोहोचले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण माथ्यासाठी पहिली जोडी ती नव्हतीच. तीन दिवस आधी, २६ मे रोजी, टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स यांना पाठवलं होतं. ते साउथ समिटपर्यंत गेले. तिथवर तोपर्यंत कुणीही पोहोचलं नव्हतं. माथा साधारण शंभर मीटर वर दिसत होता. दुपार झाली होती, ऑक्सिजनच्या उपकरणानं त्रास दिला होता. दोघे फिरले. उतरताना त्यांनी ऑक्सिजनचे दोन अर्धवट भरलेले सिलिंडर कड्यावर ठेवले होते. तीन दिवसांनी हिलरी-तेनझिंग तिथून गेले, तेव्हा हेच सिलिंडर उतरताना आपल्या कामी येतील, हे हिलरींनी हेरून ठेवलं. पुढे गेलेल्यांच्या हिशेबात मागे फिरलेल्यांचा ऑक्सिजन धरलेला होता.

मग आज मागे फिरणं इतकं अवघड का झालं?

पहिलं कारण पैसा. नेपाळनं एव्हरेस्टच्या परवान्याचं शुल्क सप्टेंबर २०२५ पासून ११ हजार डॉलरवरून १५ हजार डॉलर केलं. हे नुसतं शुल्क. शेर्पा, ऑक्सिजन, दोर, तंबू, विमा, प्रवास धरला तर खर्च कैक लाखांत जातो. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरातला मुलगा किंवा मुलगी तो कसा उभा करणार? कर्ज काढून, दागिने मोडून, देणगीदारांच्या दारात उभं राहून. गावातल्या शाळेनं वर्गणी दिलेली असते, आमदारांनी निरोपाचा कार्यक्रम केलेला असतो. इतकं सगळं पाठीवर घेऊन चढणाऱ्याला, शिखर समोर दिसत असताना, ‘पुढच्या वर्षी ये’ असं कोण सांगणार? पुढच्या वर्षीचे पैसे कुठून येणार?

दुसरं कारण गर्दी. माथ्यावरचा जोरदार वारा मे महिन्यात थोडे दिवस ओसरतो आणि सगळे त्याच दिवसांवर डोळा ठेवून असतात. २०१९ मध्ये नेपाळनं ३८१ परवाने दिले होते. त्या वर्षीचा माथ्याखालच्या रांगेचा फोटो जगभर फिरला. त्या हंगामात एव्हरेस्टवर ११ जणांचा मृत्यू झाला. त्यांत महाराष्ट्रातलेही गिर्यारोहक होते. २०२३ मध्ये परवाने ४७८ झाले आणि मृतांची संख्या १८ वर गेली. रांगेत उभा असलेला माणूस असाच विचार करतो, की पुढचा थांबला नाही, मागचा थांबला नाही, मग मीच का थांबू?

तिसरं कारण आपण सगळे. सत्कार शिखराचा होतो, चढाईचा होत नाही. बक्षीस, बढती, पुरस्कार यांसाठी कागद लागतो आणि तो माथ्यावर पोहोचल्याचाच लागतो. याची टोकाची परिणती आपल्याच राज्यानं २०१६ मध्ये पाहिली. पुणे पोलीस दलातल्या एका दाम्पत्यानं एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला. फोटोंमध्ये फेरफार केल्याचं उघड झालं, नेपाळनं प्रमाणपत्र रद्द करून दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढे ते नोकरीतूनही बडतर्फ झाले. त्यांनी केलं ते चूकच. पण शेवटच्या फोटोशिवाय बाकी कशालाच किंमत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं, हाही प्रश्न विचारायला हवा.

या सगळ्यात एक माणूस आपल्या नजरेआड राहतो. तो म्हणजे शेर्पा. ग्राहक हट्टाला पेटला की त्याच्याबरोबर शेर्पाचाही जीव पणाला लागतो. एप्रिल २०१४ मध्ये खुंबू आइसफॉलमध्ये हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. ते स्वतःच्या शिखरासाठी तिथं नव्हते, दुसऱ्यांची वाट तयार करत होते. कामी रिता शेर्पा २०२५ मध्ये ३१व्यांदा माथ्यावर गेले. त्यांच्या नावाचे फ्लेक्स आपल्या चौकात लागत नाहीत. पण वरच्या अंगावर ‘आता फिरा’ असा शब्द बहुतेक वेळा अशाच कुणा शेर्पाच्या तोंडून येतो, आणि तो ऐकला जाईलच असं नसतं.

नियम कडक करून भागेल का?

काही प्रमाणात. आधी नेपाळमधलं सात हजार मीटरपेक्षा उंच शिखर चढलेल्यालाच एव्हरेस्टचा परवाना द्यायचा, असा प्रस्ताव नेपाळनं २०२५ मध्ये मांडला. तो योग्यच आहे. नुसतं शुल्क वाढवून तयारी नसलेले श्रीमंत कमी होत नाहीत, तयारी असलेले गरीब कमी होतात. अनुभवाची अट मात्र थेट मुद्द्यावर बोट ठेवते. ज्यानं सात हजारांवर एकदा माघार घेतली आहे, त्याला आठ हजारांवर ती कशी घ्यायची हे थोडं तरी माहीत असतं.

पायरी-पायरीनं जाण्याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेनं २०१२ मध्ये एव्हरेस्ट मोहीम केली. त्यानंतर एकेक करत ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी, मनास्लू असे टप्पे घेतले, २०१९ मध्ये कांचनजुंगा आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णा गाठलं. यात वर्षं गेली. एका मेमध्ये उरकायचं हे काम नाही, हाच त्यातला धडा.

पण नेपाळच्या नियमांनी आपला फ्लेक्स बदलणार नाही. तो आपल्यालाच बदलावा लागेल. प्रायोजकांनी पैसे देताना लिहून द्यावं, की नियमानं ठरलेल्या वेळी मागे फिरलात तर आमची काही तक्रार नाही आणि पुढच्या प्रयत्नालाही आम्ही आहोत. पुरस्कार देताना माथ्याच्या प्रमाणपत्राबरोबर आधीची वर्षं, प्रशिक्षण, इतरांच्या सुटकेसाठी केलेली मदत हेही पाहावं. आणि आम्ही, डिजिटल डेस्कवाल्यांनी, ‘सर केलं’ची बातमी माणूस बेस कॅम्पला उतरल्यावर द्यावी. दोन दिवस उशीर झाला तर क्लिक्स थोड्या कमी येतील. येऊ देत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मागे फिरणाऱ्याचं कौतुक सुरू झालं तर तयारी न करता जाणाऱ्यांनाही पळवाट मिळेल. जिद्द नावाची गोष्ट उरेल का? मान्य. प्रत्येक माघार शहाणपणाची नसते. काही माघारी बेस कॅम्पच्याही आधी, आळसानं झालेल्या असतात. पण इथं ज्यांच्याबद्दल बोलतोय ते साडेआठ हजार मीटरपर्यंत गेलेले लोक आहेत. तिथवर जिद्दीशिवाय कुणी पोहोचत नाही. प्रश्न जिद्द आहे की नाही हा नाहीच. ती कुठं थांबवायची, हा आहे.

शेवटी…

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही सहा मित्र नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. बेलपाड्याहून एक वाटाड्या मामा सोबत घेतले होते. अर्ध्याहून जास्त चढून गेल्यावर आभाळ भरून आलं. मामांनी एकदा वर पाहिलं, एकदा ओल्या होऊ लागलेल्या दगडांकडे पाहिलं आणि म्हणाले, “चला पोरांनो, उतरा.” आम्ही हुज्जत घातली. एवढे चढलोय, अजून तासाभराचा प्रश्न आहे, रजा पुन्हा मिळणार नाही. मामा ऐकेनात. “गड कुठं पळून जातोय?” एवढंच बोलले आणि उतरायलाही लागले.

परतीच्या एसटीत कुणी कुणाशी बोललं नाही. ग्रुपवर एकही फोटो टाकला नाही, कारण टाकण्यासारखा नव्हताच. संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा आईनं फक्त विचारलं, “आलास का? हात-पाय धू, जेवायला बस.”

त्या नळीत नंतर पाऊस किती पडला, हे मला कधी कळलं नाही. कळण्याची वेळ आली नाही, ती मामांमुळे. त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही सहाही जण त्याच वाटेनं गडावर गेलो. मामाच सोबत होते. कोकणकड्यावर बसून सहा जणांचा फोटो काढला. तो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.